दोन काठांचा सौदा

फाया खान फ्रेंच साहेबाच्या तंबूतून ताठ मानेने बाहेर आला, तेव्हाच काहीतरी बिनसलं हे नांग खामसोईने ओळखलं. एरवी हा म्हातारा कुठल्याही दारातून कमरेत वाकूनच बाहेर पडायचा. पन्नास वर्षं राजाच्या दरबारात लेखणी चालवलेल्या माणसाची ती सवय होती. आज कुणीतरी त्याला खुर्चीवर बसवून, चहा पाजून त्याचं मत विचारलं होतं, आणि त्याने ते दिलं होतं.

तिने त्याला देवळासमोरच्या पिंपळाखाली गाठलं.

"काय विचारलं त्यांनी?"

"विशेष काही नाही, नांग. झाडांचं विचारलं."

झाडं म्हणजे हातभर उंचीची, पत्र्याच्या पानाफुलांची दोन झाडं, एक सोन्याचं आणि एक चांदीचं. मुआंग हिनचं राजघराणं दर तीन वर्षांनी अशी एक जोडी ब्रह्मदेशात आव्याच्या राजाला पाठवायचं, आणि तशीच दुसरी जोडी, पानं मोजून बरोबर सारखी, सयामच्या राजाला. दोघांपैकी कुणालाही आपल्याला कमी मिळालं असं वाटू नये एवढीच काळजी घ्यायची. बाकी भात आपला, मीठ आपलं आणि मेकाँगचे दोन्ही काठ आपले. सात पिढ्या हे निभावलं. मग इंग्रजांनी आव्याच्या राजाला बैलगाडीत घालून हिंदुस्थानातल्या कुठल्याशा समुद्रकाठी नेऊन ठेवलं, आणि फ्रेंचांनी सयामकडून नदीच्या पूर्वेचा मुलूख लिहून घेतला. दोघांचं म्हणणं एकच, की जुन्या धन्याचं जे होतं ते आता आमचं. गेल्या महिन्यात दोघेही आपापले शिपाई घेऊन दाराशी येऊन उतरले. आधी इंग्रज कॅप्टन प्रॉसर आला, त्याच्यामागून तीन दिवसांनी फ्रेंच मस्यू देल्मास.

झाडं वडिलांच्या काळापासून खामसोईच्या ताब्यात. राजाची थोरली बहीण म्हणून ती नांग, म्हणजे बाईसाहेब; विधवा, घरची कोठारं आणि घरचे रुसवे दोन्ही तीच सांभाळायची. साहेब आले तेव्हा तयार जोडी एकच होती, कारण सोनार उन्हाळ्यात वारला. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून पहिल्याला सोन्याचं झाड दिलं, दुसऱ्याला चांदीचं. पुढच्या खेपेला उलट करू, फिट्टंफाट होईल, असा तिचा हिशेब.

"मग तू काय सांगितलंस?"

"ते दुभाष्याकरवी म्हणाले, एकाला सोनं आणि एकाला चांदी, याचा तुमच्याकडे अर्थ काय? मी म्हटलं, जोडी आम्ही कधी फोडत नाही. घरातले भाऊ वेगळे झाले तरच फोडतात. एक झाड एकाच्या घरी, दुसरं दुसऱ्याच्या." फाया खानचा आवाज बोलता बोलता उतरला. "खरं तेच सांगितलं, नांग."

खरं होतं. शेवटची जोडी तिच्या पणजोबांच्या वेळी फुटली होती, आणि घाईच्या त्या दिवसांत तिला त्याची आठवणही झाली नव्हती. रीत पाळणारी म्हणून ज्या बाईचं नाव घ्यायचे, तिनेच रीत मोडली होती, आणि तीही पाहुण्यांसमोर.

"ऐकून काय म्हणाले?"

"देल्मास साहेबाने पलीकडे इंग्रजाच्या तंबूत चिठ्ठी पाठवली. मग दोघे एकत्र बसले. नकाशा काढला. हसत होते."

महिनाभर ते हसले नव्हते. महिनाभर दोघांनाही अख्खा मुआंग हिन हवा होता, आणि त्यावरच खामसोईची सगळी आशा होती. कुणीही जिंको, इंग्रज जिंको की फ्रेंच, जो घेईल तो सगळा घेईल. शहर आणि भातखाचरं पूर्वेच्या काठावर, मिठाच्या विहिरी पश्चिमेच्या. नदीवरून रेघ गेली तर इकडच्यांनी बिनमिठाचं जेवायचं आणि तिकडच्यांनी मीठ चाटायचं. शिवाय पूर्वेला तिचा एक भाऊ होता आणि पश्चिमेला दुसरा. दोघांना तिनेच वाढवलं होतं. दुपारी दरबारात दोन्ही साहेब शेवटचं बोलायला बसणार होते, आणि तोवर तिच्या हातात फक्त सकाळ होती.

थोरला भाऊ, मुआंग हिनचा राजा चाओ इन्थासेन, अजून न्याहारीवर होता. चिकट भाताची परडी समोर, आंबवलेल्या मासळीची वाटी बाजूला. त्याची पट्टराणी, महादेवी, पंखा हलवत होती. खामसोई बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. चूक माझी, असंही म्हणाली.

"ताई, तू काय मुद्दाम केलंस?" राजाने भाताचा गोळा वळला आणि मासळीत बुडवला.

खामसोई त्याच्याकडे बघत राहिली. हा लहानपणापासून रागीट. तिच्या हातून मडकं फुटलं तरी दिवसभर गाल फुगवून बसणारा. आज मुलूख फुटायची वेळ आली आणि हा शांतपणे जेवत होता.

"इन्था, तुला आधीच माहीत होतं."

"काय?"

"नदीवरून रेघ मारायची ते."

राजाने महादेवीकडे पाहिलं. त्याने असं पाहिलं की उत्तर महादेवी द्यायची, हे आता सगळ्या घराच्या अंगवळणी पडलं होतं.

"वन्सं, रागावू नका," महादेवी म्हणाली. "पण पलीकडे यांचं ऐकतं कोण? धाकट्या भावजींना उपराज म्हणून तिकडे बसवलं. गेल्या दोन वर्षांत तिकडचा एक तरी गावप्रमुख इकडे पाया पडायला आला का? नुसतं नावाला आपलं. माझा भाऊ लुआंग फ्राबांगहून लिहितो, तिथे फ्रेंच लोक गादीला हात लावत नाहीत. छत्री तीच, मान तोच, आणि यांच्यामागे आमच्या मुलाला गादी."

"तुझ्या भावाला बूट दिलेत म्हणे त्यांनी. बूट घालून देवळात जातो असं ऐकलं."

"पायरीशी काढतो."

"चांगलं आहे. आणि मीठ कुठून आणणार? मासळी कशात मुरवायची, त्याच्या बुटात?"

महादेवीचा पंखा क्षणभर थांबला आणि पुन्हा हलू लागला. राजा म्हणाला, मीठ फोम देईल, भाऊच आहे तो. खामसोईने विचारलं, भाऊ आहे म्हणून देतो की तू त्याचा राजा आहेस म्हणून? राजाने हात धुवायला पाणी मागितलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ दिवसांपूर्वीच त्याने देल्मासला सांगून टाकलं होतं, की रेघ नदीवरून गेली तर आपली हरकत नाही. इंग्रजाला काय कारण दाखवायचं एवढंच अडलं होतं, आणि ते कारण झाडांनी पुरवलं. म्हणजे घर खामसोईने फोडलं नव्हतं, तिने फक्त फुटलेल्याला पुरावा दिला होता. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटली.

"एक विचारते," ती म्हणाली. "दरबारात दोन्ही साहेबांसमोर फोम म्हणाला, की आमचे दोन्ही काठ एक आहेत, तर तू म्हणशील?"

राजा बराच वेळ हात पुसत होता. तिसऱ्या वर्षी तापात त्याने तिचं बोट धरून ठेवलं होतं तेव्हा दिसायचा, तसा तिला तो एकदम दिसला.

"फोम आधी म्हणाला, तर म्हणेन," तो म्हणाला.

धाकटा चाओ फोमवोंग होडीच्या धक्क्यापाशी उतरला होता. राजाच्या घरात उतरायचं त्याने गेल्या वर्षापासून बंद केलं होतं. त्याला जन्म देऊन आई गेली, तेव्हा खामसोई चौदा वर्षांची होती. भात चावून मऊ करून तिने त्याच्या तोंडात घातला होता. अजूनही तो तिला पाहिलं की उठून उभा राहायचा, तसाच आत्ताही राहिला, आणि स्वतः विडा करून तिच्या हातात दिला.

कोपऱ्यात त्याची बायको नांग येन पांढरी रेशमी छत्री शिवत बसली होती. शेजारच्या च्यांग तुंगच्या राजघराण्यातली मुलगी, तिचं माहेर केव्हाच इंग्रजांच्या बाजूला गेलेलं. उपराजाच्या छत्रीला पाच पदर असतात आणि राजाच्या छत्रीला सात. खामसोईने विडा चघळत पदर मोजले.

"हे वरचे दोन कुणासाठी ग, येन?"

"कापड उरलं होतं," नांग येन मान वर न करता म्हणाली.

फोमला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्याने लपवाछपवी केली नाही, एवढा तरी तो तिचा होता. प्रॉसरने त्याला पश्चिम काठाची गादी कबूल केली होती, महिना झाला. तो म्हणाला, "ताई, दादा मला दरबारात तिसऱ्या पायरीवर बसवतो. माझ्या गावातल्या भांडणाचा निवाडा मी करायचा आणि तो याने फिरवायचा. गेल्या सणाला मी नजराणा घेऊन आलो, तर मला अंगणात उभं ठेवलं. का, तर महादेवींची झोप झाली नव्हती. तू होतीस ना तिथे?"

ती होती. तेव्हा तिने दोघांनाही समजावलं होतं, आणि दोघांनीही तिच्याखातर ऐकलं होतं. तिच्याखातर ऐकलं म्हणजे मिटलं, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"दोघांनी एकत्र म्हणायचं, मुलूख एक आहे," ती म्हणाली.

"म्हटल्यावर काय होईल? साहेब बंदुका गुंडाळून घरी जातील?"

"नाही जाणार. पण अख्खा मुलूख दोघांनाही हवाय. आपण अख्खेच आहोत म्हटलं, की त्यांचंच पुन्हा जुंपेल. जुंपू दे वर्षभर."

"आणि मग?"

"मग कुणीतरी एक जिंकेल, आणि आपण सगळे त्याचे. पण सगळे."

फोम नदीकडे बघत राहिला. पलीकडे त्याच्या विहिरींवर मिठाच्या कढया चढलेल्या होत्या, त्यांचा धूर इथून दिसायचा. नांग येनची सुई थांबली होती.

"दादा आधी म्हणाला, तर म्हणेन," तो म्हणाला.

दोन अर्धी वचनं घेऊन खामसोई दरबारात गेली. बायकांच्या पडद्यामागे महादेवीशेजारी बसली. दरबारात सगळे चटयांवर होते आणि साहेब खुर्च्यांवर, त्यामुळे त्या दोघांची डोकी राजाच्या डोक्याच्याही वर गेली होती. असं या दरबारात आजवर कधी घडलं नव्हतं. प्रॉसर त्यांची भाषा मोडकीतोडकी बोलायचा आणि त्याचं फ्रेंच करून देल्मासला सांगायचा. एका ठरलेल्या गोष्टीचे तपशील भरायचे होते, आणि तपशिलांवर मात्र दोघे चांगलेच अडले. नदीत पावसाळा सरला की वर येणारी दोन बेटं होती, तंबाखूची लागवड असलेली. देल्मासला ती दोन्ही हवी होती. प्रॉसर म्हणाला, मग होडीचा धक्का आमचा. त्यावर देल्मासने नकाशावर हात आपटला. मग वरचं बेट एकाला आणि खालचं दुसऱ्याला, धक्का पूर्वेचा पण इंग्रजी होड्यांना मोकळा, असं एका चिरुटाच्या अवधीत ठरलं. त्या बेटांवर अकरा घरांचं पोट चालायचं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारा असं दोघा भावांपैकी कुणी म्हटलंही नाही.

खामसोई पडदा सारून बाहेर आली. महादेवीने तिचं वस्त्र धरायला हात पुढे केला, पण तोवर ती पुढे गेली होती.

"साहेब, झाडं मी दिली," ती म्हणाली. "माझ्याशी बोला."

प्रॉसरने वर पाहिलं. आमची सत्ता मान्य केलीत म्हणूनच दिलीत ना, असं त्याने विचारलं.

"तुमच्याकडे बंदुका होत्या म्हणून दिली. वाघाला झाड हातात धरता आलं असतं तर त्यालाही दिलं असतं."

प्रॉसर हसला. त्याने फ्रेंचमध्ये सांगितलं तेव्हा देल्मासही हसला. दरबारातलं मात्र कुणी हसलं नाही.

"जोडी माझ्या हातून चुकून फुटली," ती पुढे म्हणाली. "घर फुटलेलं नाही. दोन्ही भाऊ तुमच्यासमोर बसलेत. त्यांनाच विचारा, मुलूख एक की दोन. ते म्हणतील ते लिहा."

प्रॉसर वाईट माणूस नव्हता. त्याने लेखणी खाली ठेवली, देल्मासला समजावून सांगितलं, आणि मग दोघा भावांना खरोखरच विचारलं, एक की दोन?

राजाने फोमकडे पाहिलं. फोमने राजाकडे पाहिलं. आधी कुणी म्हणायचं एवढंच उरलं होतं. राजाचे ओठ एकदा हलले, असं खामसोईला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण तो राजा होता, धाकट्याने आधी बोलावं ही त्याची अपेक्षा. आणि फोम तिसऱ्या पायरीवर बसून कंटाळला होता, आज तरी थोरल्याने आपल्यासाठी आधी तोंड उघडावं ही त्याची. खामसोई एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिली. दोघांना एकदम थोबाडीत मारावी आणि दोघांना एकदम कुशीत घ्यावं, असं तिला वाटत होतं. देल्मासने खिशातून घड्याळ काढलं. प्रॉसरने आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग लेखणी उचलली.

रेघ नदीच्या मधोमध गेली. खामसोई तिथेच भावांच्या मधे चटईवर बसली आणि तिला पडद्याआड जा असं कुणी म्हटलं नाही.

शेवटी राजघराण्यातलं कुणाचं नाव कुठल्या काठावर धरायचं, त्याची यादी झाली. कारण आता पलीकडे जायला परवाना लागणार होता. राजा, महादेवी, मुलं पूर्वेला. फोम आणि नांग येन पश्चिमेला. फाया खानने खामसोईचं नाव वाचलं आणि पूर्वेला लिहायला घेतलं.

"थांब," फोम म्हणाला. "ताई माझ्याकडे येईल."

"ताई इथेच राहील," राजा म्हणाला. दिवसभरात त्याने ठामपणे म्हटलेलं हे पहिलंच वाक्य.

"मला तिने भरवलंय."

"माझं कोठार ती सांभाळते."

"कोठारासाठी हवीय होय तुला?"

"तुला कशासाठी हवीय? तुझ्या नव्या दरबारात बसवायला?"

अख्ख्या मुलुखासाठी ज्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं, ते दोघे भाऊ आता गुडघ्यांवर उठून भांडत होते. प्रॉसरने फाया खानला विचारलं, या बाईच्या नावावर जमीन आहे का? नाही. विहिरी? नाही. मग इतकं अडलंय कशावर?

फोम खाली बसला. त्याने आवाज खाली आणला.

"दादा, वर्षाला वीस होड्या मीठ पाठवतो. तू पूर्वेचा राजा, मी पश्चिमेचा, तरी पाठवतो. ताईला माझ्याकडे येऊ दे."

खामसोईने राजाकडे पाहिलं नाही. तो नाही म्हणेल, आत्ता म्हणेल, म्हणून ती चटईकडे बघत राहिली. पडद्यामागे महादेवीचा पंखा थांबल्याचं तिला ऐकू आलं.

"तीस," राजा म्हणाला.

म्हणजे आता खामसोईचा भाव ठरत होता. पण ती बावन्न वर्षांची होती, आणि त्यातली अडतीस वर्षं तिने या दोघांचे हट्ट पुरवण्यात घालवली होती. रडायचं झालं तर ते पुढे कधीतरी, होडीत बसल्यावर.

"चाळीस," ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"गावाला वर्षाला चाळीस होड्या लागतात, इन्था. कोठार मी सांभाळते म्हणालास ना, मग आकडा सांगण्याआधी मला विचारायचंस. तिसांत श्रावण निघेल, पुढे काय खाणार लोक?" मग ती धाकट्याकडे वळली. "चाळीस, फोम. आणि पावसाआधी पोचल्या पाहिजेत. भिजलेलं मीठ चालणार नाही."

"ताई..." फोम म्हणाला. त्याने होकाराची मान हलवली. राजानेही चाळीस म्हटलं आणि हात तोंडावर धरला.

प्रॉसरने विचारलं, काय ठरलं? फाया खानने दोघा भावांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीच मान वर करेना.

"मीठ," खामसोईने सांगितलं. "चाळीस होड्या. लिही."